नाईकाचा अंगठा

पहाटेच्या धुक्यातून करंजगडाचा बालेकिल्ला हळूहळू वर येत होता. खालच्या खोऱ्यात अजून काळोख होता, आणि सदरेच्या ओसरीवर, जिथे पहिला उजेड पडे, तिथे गोव्याहून बोलावलेला बस्त्यांव चितारी जवसाच्या तेलात रंग खलत बसला होता. इगर्जीच्या, म्हणजे ख्रिस्ती देवळाच्या, वेदीमागची चित्रे काढण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. सगळे कापड काळोखाने भरायचे, एकाच बाजूने उजेड सोडायचा आणि पाहण्यासारखे तेवढेच त्यात ठेवायचे, ही त्याची रीत. त्याच रीतीने तो उदाजीराजांचा राज्याभिषेक रंगवीत होता.

करंजगडाची चाल अशी होती, की खोऱ्याच्या कोळी नाईकाने कट्यारीने आपला अंगठा चिरून त्या रक्ताचा टिळा लावल्याखेरीज तिथे कोणी राजा होत नसे. प्रत्येक राजाचा एक वण नाईकाच्या अंगठ्यावर जन्मभर राही.

अभिषेकाच्या दिवशी धुपाचा धूर आणि माणसांची दाटी यांत कोणाला काही दिसले नाही. चितारी मात्र चार हातांवर उभा होता. म्हाताऱ्या गोंदाजी नाईकाने मूठ उघडलीच नव्हती. थोरले राजे ज्या वाटीतले पाणी पिऊन कोसळले, ती वाटी त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे उदाजीनेच पुढे केलेली नाईकाने पाहिली होती.

"राजांचे कपाळ कोरे कसे?" कारभारी तिमाजीपंतांनी चित्रापुढे उभे राहून विचारले.

"पाहिले तसे काढले, पंत."

"तुम्हांस पाहावयास आणलेले नाही. परवा सुभ्याचा वकील येतो. टिळा दिसला तर राजांना सनद मिळेल. न दिसला, तर हा कडा फार उंच आहे, एवढे ध्यानात असू द्या."

दुसऱ्या दिवशी हुकुमाप्रमाणे नाईक चिताऱ्यापुढे बसायला आला. बराच वेळ तो चित्रातल्या स्वतःकडे पाहत राहिला.

"माझं नाक एवढं वाकडं हाय व्हय?"

"याहून जास्त आहे, नाईक. मी सावरून घेतलंय."

नाईक हसला. "मग टिळाबी सावरून घे. तू परमुलखातला. माझ्यापायी मरू नगंस."

"आणि तुम्ही?"

"मला इचारतील तवा मी सांगंन. मला कुठं रंगवाया येतंय?"

बस्त्यांवने कुंचल्यावर तांबडा रंग घेतला. राजांच्या कोऱ्या कपाळावर टिळा उमटला.

भर दरबारात चित्रावरचा पडदा निघाला. वकील जुना माणूस होता, गडाची चाल जाणून होता. तो म्हणाला, "नाईक, अंगठा पाहू."

गोंदाजीने हात उन्हात धरला. वण एकच होता, जुना, पांढरा पडलेला. "ह्यो थोरल्या राजांचा. दुसरा म्या केला न्हाई."

वकिलाने चिताऱ्याकडे मान वळवली. "टिळा तू पाहिलास?"

तिमाजीपंत कड्याकडच्या दरवाजापाशी उभे होते. नाईक चिताऱ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता.

"पाहिला," बस्त्यांव म्हणाला.

वकिलाने एकदा अंगठ्याकडे पाहिले, एकदा चित्राकडे, आणि मग अंगणात झूल घालून उभ्या केलेल्या नजराण्याच्या हत्तीकडे. "म्हाताऱ्या माणसाचे वण बुजतात," असे म्हणून त्याने सनदेवर शिक्का उठवला.

दुपारचा नगारा होण्यापूर्वी नाईकाला कड्यावरून लोटण्यात आले. त्याच रात्री कोळ्यांनी खोरे सोडले. पुढे करंजगडावर तीन राजे झाले. टिळा लावायला कोणी उरले नव्हते, म्हणून प्रत्येक वेळी ते चित्रच गादीशेजारी उभे करीत.

बस्त्यांव गोव्याला परतला आणि आणखी वीस वर्षे संत रंगवीत राहिला. त्याच्या एकाही संताचा अंगठा दिसत नाही. तो कुठे वस्त्राच्या घडीत असतो, कुठे काळोखात. एका पाद्र्याने विचारले, आशीर्वादाचा हात असा अर्धाच का?

"तिथवर उजेड पोचत नाही," तो म्हणाला, आणि रंग खलू लागला.