बाराव्या भागावरचे डाग

तुम्हाला हे खोटं वाटेल. पण त्या पुस्तकाचं प्लास्टिक मी माझ्या हातानं फाडलं होतं, एवढं आधीच सांगते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भिलाई, जुनवानी. दुपारचे तीन. घरात मी एकटी.

माझी रुक्मा मावशी एक मालिका वाचायची. हिंदी अनुवाद, अठरा भाग. शहरात लपून राहणारे रक्तपिपासू, लांडगे होणारी माणसं, आणि त्यांच्यातल्याच एकाच्या प्रेमात पडलेली पोलीसवाली. मावशीचा त्यात जीव होता.

मावशीला गुडाखूची सवय. ती तंबाखूची काळपट पेस्ट बोटानं दातांवर घासायची... आणि त्याच बोटाला थुंकी लावून पान उलटायची. पानापानावर तपकिरी डाग.

मला शिसारी यायची.

अकरा भाग झाले आणि तिच्या तोंडात कॅन्सर निघाला. पुस्तक हातात धरवेना. म्हणाली, "नीतू, बारावा मले वाचून दाखवशीन का वं?"

तिच्या तोंडाला इतकी घाण यायची की जवळ बसवत नव्हतं.

"उद्या दाखवतो मावशी."

रोज उद्याच म्हटलं. फेब्रुवारीत ती गेली.

मग मे महिन्यात मी नवाकोरा बारावा भाग मागवला. निदान तिच्या फोटोसमोर बसून वाचू म्हटलं.

पहिलं पान वाचलं. उलटलं.

पुढच्या पानाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता.

ओला...

शाई असेल म्हणून पुसायला गेले. चिकट लागलं. बोट नाकाशी नेलं... तंबाखू, गूळ, आणि तिच्या शेवटच्या दिवसांतला तो सडका वास.

तरी पानं उलटत गेले. दहावं. तिसावं. सगळ्यांवर डाग. चव्वेचाळीसच्या पुढे मात्र कोरं.

कूलर बंद केला. घर एकदम शांत.

आणि माझ्या डोळ्यांसमोर... पंचेचाळीसाव्या पानाचा कोपरा हळूहळू भिजला.

ओठ चोखल्याचा आवाज आला. अगदी समोरून. कुणी बोट ओलं करावं तसा.

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

संध्याकाळी आई जामुलहून आली. तिनं पुस्तकाला हात लावला नाही. लांबूनच बघत राहिली.

"रुक्माच वाचून राहिली," ती हळूच म्हणाली. "वाचू दे तिले."

पिशवीत बांधून ते माळ्यावर टाकलं. मी परत उघडलं नाही.

परवा मोना घरी आली होती. माझी मैत्रीण, तिनं सगळे भाग वाचलेत. बोलता बोलता मी म्हटलं, "पोलीसवालीनं त्याले आपल्याच हातानं मारलं, ते मले नाही पटलं."

मोनानं विचारलं, "बारहवां पढ़ लिया तूने?"

"नाही. एकच पान वाचलं."

"वो तो लास्ट पेज पे है."

माझ्या तोंडात थुंकी जमली होती. ती गिळवेना.

मावशीचा बारावा वाचून झालाय...

तेरावा मी अजून मागवलेला नाही.