खडकवस्तीच्या एकोणीस मागण्या

सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, गोरक्ष सरांनी मोनिकाला एक किरकोळ काम सांगितलं. "तालमीची साईट पुसून टाक. सगळी. मी जरा तहसीलला जाऊन येतो." हेल्मेट उचललं आणि निघाले. सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं तर तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण पोरीच्या डोक्यात तेव्हा फक्त डबा होता.

आता तालमीची साईट म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोनिकाच्या ऑफिसात प्रत्येक वेबसाईटच्या तीन प्रती असत. एक कच्ची, ती मोनिकाच्या लॅपटॉपवर. तिथं वाटेल ती तोडफोड करावी. दुसरी तालमीची. जत्रेतल्या नाटकाची रंगीत तालीम असते ना, तशी. दिसायला हुबेहूब, पण समोर प्रेक्षक नाहीत. आणि तिसरी खरी, जी लोक वापरतात. इंग्रजी नावं होती त्यांना, पण ऑफिसात सगळे कच्ची, तालमीची आणि खरी असंच म्हणत. या तिघींची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा.

ही वेबसाईट होती पाण्याच्या टँकरची. वाड्यावस्त्यांनी मोबाईलवरून मागणी लावायची, की तालुक्याहून टँकर सुटायचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मोनिकानं एक बटण ठेवलं होतं. दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं तसंच जपून राहायचं, ऑफिसात 'ऐका'चं बटण दाबून ऐकता यायचं, शिवाय लिहूनही यायचं. त्या बटणांचं तिला भारी कौतुक होतं, घरीदारी सगळ्यांना दाखवून झालं होतं.

मे महिना. नगरच्या सावेडीतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाकीची मंडळी जेवायला गेलेली. कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास सुटला होता, आणि खिडकीच्या काचेवर ऊन असं आदळत होतं की पडदा ओढूनही डोळे दुखावेत. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाथर्डीकडच्या माळावर मे महिन्यात भर बाराला एकदा उभं राहून बघावं.

पुसण्याआधी यादीवरून नजर फिरवायची मोनिकाची सवय होती. तालमीत सगळी खोटी नावं. 'अबक वाडी'. 'टेस्ट वस्ती'. कुणीतरी 'चंद्रावर टँकर पाठवा' असंही लिहून ठेवलेलं. ती गालातल्या गालात हसली. आणि मग थांबली.

'खडकवस्ती, तालुका पाथर्डी. झुंबरबाई भिमाजी.' खाली मोबाईल नंबर. ही काही ऑफिसातल्या कुणाची चेष्टा नव्हती.

एकूण एकोणीस मागण्या. रोज एक.

पहिली साधी होती. "खडकवस्तीला पानी न्हाई. टँकर धाडा." चौथी जराशी वैतागलेली. "ग्रामसेवक म्हनतो ऑनलाईन टाका. ऑनलाईन टाकलंय. मग कुठं हाय टँकर?" नववी, "रोज लिवून येतं, मागनी मिळाली, मागनी मिळाली. मिळाली तर धाडा की वो." बाराव्या मागणीत शिव्याच होत्या, आणि शिव्या रास्तच होत्या. शेवटची गेल्या शुक्रवारची. "वाट बघून डोळं ग्येलं. आता मीच उतरते हिरीत."

मोनिकानं ती ओळ पुन्हा वाचली. शनिवारच्या पेपरात बातमी होती, तिनं चहा पिता पिता वाचली होती. पाथर्डीकडे विहिरीत पडून म्हातारी दगावली. साठ फूट विहीर, तळाला हातभर पाणी. शेवटी एक ओळ होती, 'या वस्तीवरून टँकरची मागणीच आलेली नव्हती, असे सांगण्यात आले.' उद्या मंगळवारी चौकशी होती.

मागणीच आलेली नव्हती! आली होती की. एकोणीसदा आली होती. फक्त ती तालमीत येत होती, जिथं बघायला कुणीच नसतं. वस्तीवरच्या फलकावर मोबाईल धरून मागणी लावायचा जो चौकोनी क्यूआर शिक्का होता, तो तालमीच्या पत्त्याचा छापला गेला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गोरक्ष सरांना फोन लावला.

"सर, तुम्हाला माहीत होतं!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? बाई मेली तिकडं! तुम्ही फलक छापलात, तुम्ही तपासलं नाहीत, आणि आता मला पुसायला सांगताय? लाज नाही वाटत?"

मग सर अगदी शांतपणे म्हणाले, "मोनिका, खडकवस्ती यादीत उशिरा आली. तिचा एकच फलक नंतर छापला. त्याचा पत्ता मला कुणी पाठवला, तेवढं व्हॉट्सॅपवर बघ. आणि मग पूस." फोन बंद.

तिनं बघितलं. सतरा मार्च. तिचाच मेसेज. 'सर, खडकवस्तीची लिंक. चेक केली आहे.' आणि लिंक तालमीची.

चेक केली आहे म्हणे! बघितलंसुद्धा नव्हतं तिनं. मैत्रिणीच्या हळदीला जायची घाई होती. आता हा राग काढायचा कुणावर? सरांवर काढला तर तो उलटून आपल्याच अंगावर येतोय. ती स्वतःलाच दोन वाईट शिव्या हासडून मोकळी झाली. आणि मग तिनं काय केलं माहितीये? पुसलं. होय, पुसलं! चांगली शिकलेली, घरच्यांनी जीव लावून वाढवलेली पोर, पण भीतीपुढं सगळं गुंडाळून ठेवलं. सगळ्या मागण्या निवडल्या, बटण दाबलं, यादी कोरी झाली.

कूलर बंद पडला.

वीज गेली नव्हती, दिवा चालू होता. फक्त कूलर थांबला, आणि वाळ्याच्या वासाच्या जागी दुसराच वास आला. शेवाळ्याचा. ओल्या दगडाचा. जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा.

कोऱ्या यादीत एक ओळ उमटली. 'खडकवस्ती. झुंबरबाई भिमाजी.' पहिली मागणी, पहिलीच तारीख. मग दुसरी. मग तिसरी. सावकाश, एक एक, कुणीतरी पायऱ्या चढून वर यावं तशी. मोनिकानं पुन्हा पुसलं. पुन्हा आल्या. तिनं तालमीची साईटच बंद केली, मुळापासून. स्क्रीनवर 'हे पान उपलब्ध नाही' आलं, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

मग सहज बाजूच्या लॅपटॉपकडं लक्ष गेलं. तिथं कच्ची प्रत उघडी होती. त्याला इंटरनेट नव्हतं, तिनं सकाळीच वायफाय काढलं होतं. कच्च्या प्रतीत कधी एकही मागणी नव्हती.

आता तिथं एकोणीस होत्या.

आणि एकोणिसावीचे शब्द बदलले होते. त्या ओळीपुढचं 'ऐका'चं बटण, तिचंच लाडकं बटण, आपोआप दाबलं गेलं. आधी नुसता पोहरा दगडावर घासल्याचा आवाज. खर्र… खर्र… मग थेंब. मग एका म्हातारीचा आवाज, दमलेला आणि विलक्षण चिडलेला.

"पुसतीस व्हय गं?… पूस… म्या पुन्यांदा मागते."

मोनिका कशीबशी म्हणाली, "आजी… मी…"

"आजी म्हनू नको… खऱ्यात लाव."

एवढंच. आवाज थांबला, कूलर सुरू झाला, जिन्यात जेवून आलेल्यांच्या चपला वाजल्या. मोनिका घामानं निथळत बसली होती. रडतही होती, आणि दात-ओठ खातही होती. मग तिनं डोळे पुसले आणि एकोणीसच्या एकोणीस मागण्या, त्यांच्या मूळ तारखांसकट, खऱ्या साईटवर चढवल्या. खाली शेरा लिहिला, 'चुकीचा पत्ता मी पाठवला. या मागण्या पुसायला मला सांगण्यात आलं.' आणि स्वतःचं नाव घातलं.

अर्ध्या तासात सरांचा फोन. "डोकं फिरलंय का तुझं? स्वतःच्या हातानं धोंडा पाडून घेतलास, माझ्याही पायावर पाडलास!"

"पडू द्या," ती म्हणाली. "तिच्या अंगावर अख्खी विहीर पडली तेव्हा तुम्ही कुठं होतात? आणि मी कुठं होते?"

मंगळवारी चौकशी झाली. सरांनी आधी कानावर हात ठेवले, मग व्हॉट्सॅप दाखवलं, मग तेही अडकले. मोनिकाला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. पण खडकवस्तीला रोज एक टँकर मंजूर झाला, आणि बुधवारी पहिल्याच खेपेला ती पाथर्डीहून टँकरमध्ये बसली. ड्रायव्हर वाल्मिक, तोंडात गुटखा, वाटभर मोबाईलवर गाणी.

वस्तीवर सत्तावीस घरं. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली माणसं. बायका हंडे घेऊन विहिरीभोवती उभ्या होत्या. या भागात टँकर विहिरीत ओततात आणि मग लोक शेंदून नेतात. झुंबरबाईचे मालक भिमाजी काठावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. मोनिकानं त्यांच्या पायाला हात लावला.

"बाबा, चूक माझी होती."

म्हाताऱ्यानं पाय ओढून घेतला. "मला काय सांगतीस? म्या कुठं मागितलं व्हतं?"

वाल्मिकनं पाईप विहिरीत सोडला आणि तोटी फिरवली. पाणी सुटलं. जाड, पांढरी धार आत गेली. बायका बोलायच्या थांबल्या.

पाणी पडल्याचा आवाज येईना.

साठ फुटांवर हातभर पाणी, नाहीतर उघडा खडक, दोन्हींवर आवाज यायलाच हवा. वाल्मिकनं तोटी बंद केली, पुन्हा फिरवली. धार चालू होती. बारा हजार लिटर गेलं, टँकर पोकळ वाजायला लागला. एका बाईनं पोहरा सोडला. दोर संपेपर्यंत सोडला आणि वर ओढला. पोहरा कोरडा ठणठणीत.

भिमाजी जमिनीकडं बघत म्हणाले, "आदी तिला पिऊ द्या. लई दिस मागत व्हती."

"बाबा, पण या सगळ्यांनी काय करायचं?" मोनिका कळवळून म्हणाली. "लहान पोरं आहेत इथं…"

"तवा बी व्हती."

वाल्मिक पाईप गुंडाळत होता. "म्याडम, दिवसाला एकच खेप मंजूर हाय," तो पुटपुटला. "आज एवढीच."

मोनिका काठाशी गेली. आतून तोच ओल्या दगडाचा वास आला. तिला राग आला, स्वतःचा आला, सरांचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या म्हातारीचाही आला. ती खाली वाकली.

"आजी, चुकलं माझं. मेले तरी विसरणार नाही. पण यांचा काय गुन्हा? अजून किती पाणी लागेल तुम्हाला?"

मग आवाज आला, साठ फुटांवरून नव्हे, हाताच्या अंतरावरून, आणि तो जराही निवलेला नव्हता.

"अठरा टँकर."