एकसष्ट तासांचा नवा कॅमेरा

“एकसष्ट तास!” दुकानदाराने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट आपटलं. “पंधरा दिवसांत आणलात, मान्य. पण व्हिडिओ कॅमेरा दहा तासांच्या वर चालवला की आम्ही परत घेत नाही. पावतीमागे छापलंय!”

“मी दोनच तास चालवलाय हो,” बाबा म्हणाले.

“मग तासांचं हे मीटर खोटं बोलतंय का?”

बाबांनी कॅमेरा पिशवीत भरला. समारंभांचं चित्रीकरण करण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती, पण भर दुकानात कुणी त्यांना खोटं पाडलं नव्हतं. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी खारू त्यांना बिलगली.

सुट्टीत या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यावर भुताचा सिनेमा काढायचा तिघांचा बेत होता. तिघं म्हणजे खारू, तिचा चुलत भाऊ ढब्बू आणि उलटतपासणीत पटाईत म्हणून सगळे जिला ‘वकिलीण’ म्हणत, ती शेजारची मैत्रीण. पण आता सिनेमा कुणाला सुचणार! आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात त्यांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी त्यांना समोर बसवून लहानपणच्या गोष्टी सांगायला लावल्या होत्या. दोन तास चित्रीकरण चाललं. नंतर बघतात तर आवाज फक्त सुरुवातीचा! “झालं का रे सुरू?” एवढंच आजोबा विचारतात आणि पुढे नुसते ओठ हलत राहतात.

एरवी बाबा हेडफोन लावल्याशिवाय कॅमेरा चालू करत नसत. त्या दिवशी नेमके लावले नाहीत. वडिलांचा आवाज त्यांना यंत्रातून नको होता, आपल्या कानांनी ऐकायचा होता. तेव्हापासून ते आजोबांच्या खोलीत धड पाऊल टाकत नव्हते.

“काका खोटं बोलणं शक्य नाही,” संगणकावर ते चित्रीकरण बघताना वकिलीण म्हणाली. “मग मीटर वाढलं कसं?”

“थांब! कॅमेऱ्याने या क्लिपला आपोआप दिलेलं नाव वाच!” ढब्बू ओरडला. “रंगभवन, तीनशे बारा! काकांनी तर एकच क्लिप काढली. आधीच्या तीनशे अकरा कुणी काढल्या? भुतानं?”

रंगभवन म्हणजे दोन गल्ल्या सोडून असलेलं नाट्यगृह! तिघं धावतच तिथे पोचले. तिथला कॅमेरामन वायरी गुंडाळत बसला होता.

“हो, असा कॅमेरा आम्हीच महिन्यापूर्वी त्या दुकानात परत केला,” तो म्हणाला. “आम्ही त्यांचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून त्यांनी मीटरसुद्धा उघडून बघितलं नाही. ही बघा परतीच्या अर्जाची प्रत.”

वकिलिणीने मोठ्याने वाचलं, “वापर एकोणसाठ तास. तक्रार: आवाज मध्येच बंद पडतो.”

“एकोणसाठ आणि बाबांचे दोन!” खारू म्हणाली. अर्जावरचा सीरियल नंबरही तिने खिशात आणलेल्या बाबांच्या पावतीवरचाच होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण त्या तक्रारीवरून तिची नजर हटेना. हे कुणीतरी वाचलं असतं, तर!

तासाभरात तिघं बाबांना घेऊन दुकानात हजर झाले.

“दुकानदारकाका, परत आलेल्या कॅमेऱ्याचं तुम्ही काय करता हो?” वकिलिणीने साळसूदपणे विचारलं.

“कंपनीला धाडतो. एकही इथे ठेवत नाही!”

“मग हा कसा राहिला?” खारूने अर्ज आणि पावती शेजारी शेजारी ठेवली.

दुकानदाराने अर्ज वाचला, बहुधा पहिल्यांदाच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “घाईत नव्या मालात गेला असेल,” तो पुटपुटला. “साहेब, चूक माझी. मी तुम्हाला खोटं ठरवलं. कॅमेरा परत घेतो. आणि पोरांनो, तुमची कमाल आहे!”

“आमचे आजोबा आता बोलू शकत नाहीत,” खारू म्हणाली. “त्यांचा आवाज यात राहणार होता.”

दुकानदाराने खाली बघतच पैसे मोजून बाबांसमोर ठेवले.

घरी आल्यावर ढब्बूने आजोबांना सगळं रंगवून सांगितलं. आजोबांनी एकेकाची पाठ थोपटली. “शाब्बास!” त्यांचे ओठ म्हणाले, पण खोलीत काहीच ऐकू आलं नाही. खारूला तेव्हा रडू आवरलं नाही.

बाबा दारातच उभे होते. “हेडफोन लावले असते, तर मला लगेच कळलं असतं, बाबा,” ते आजोबांना कसेबसे म्हणाले.

आजोबांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘तू ऐकलंस ना सगळं? मग यांना सांग.’

बाबा पलंगाच्या कडेला बसले. मुलं खाली फरशीवर बसली. बाबा उगाच चादर सारखी करत बसले. आजोबांनी पाटी पुसली, पुन्हा काही लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली.

‘झालं का रे सुरू?’

बाबांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग त्यांनी घसा खाकरला आणि आजोबांच्याच शब्दांत पहिली गोष्ट सांगायला घेतली. कुठे चुकलं, की आजोबा पाटीवर टकटक करत होते.