वाऱ्याचा आकडा

उमरग्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मी पेपर वाचत होते आणि एकटीच हसत होते.

'महेश्वरीची लांब उडीत ११.६२ मीटरची झेप.'

महेश्वरी म्हणजे मी. अकरा बासष्टही माझेच. फक्त उडी निराळी होती... तिहेरी. पळत येऊन एका पायावर झेप, त्याच पायावर उतरून पुढं ढांग, आणि मग वाळूत उडी. नुसत्या लांब उडीत जगातली कुठलीच बाई अजून आठ मीटरसुद्धा गेलेली नाही. आणि मी, टायरवाल्या गौरीशंकर अप्पांची पोरगी, जिल्हा स्पर्धेत थेट अकराच्या पुढं!

"एवढं काय छापून आलंय?" समोर बसलेल्या तरुणानं विचारलं. चष्मा, चुरगळलेला शर्ट, हातात चहाची बशी.

"हे ज्यानं लिहिलंय ना, त्यानं आयुष्यात वाळूचा खड्डा बघितलेला न्हाय."

"बघितलाय की... बांधकामावर."

मी वर बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही लिहिलंय?"

"व्हय. मी शांतलिंग, मूळचा येरमाळ्याचा, आता इथंच असतो. मोंढ्यातले धान्याचे भाव, अपघात, नगरपालिका, सगळं मीच लिहितो. निकाल फोनवर घेतला. पलीकडून 'उडी' ऐकू आलं. लांबच असंल म्हणलं."

"आणि अकरा मीटर वाचून काहीच वाटलं न्हाय?"

"वाटलं की... पोरगी लई भारी दिसतीय."

चिडायचं ठरवून तोंड उघडलं होतं, पण हसूच आलं. मग आवाज करडा करून म्हणाले, "दुरुस्ती छापा."

"छापतो. पण आधी समजून घ्यावं लागंल. कुठं यावं?"

"कॉलेजच्या मैदानावर. सकाळी साडेसहाला."

एवढ्या थंडीत कोण येतंय, असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कानाला मफलर गुंडाळून तो खड्ड्याजवळ उभा होता. मला उडी शिकवणाऱ्या बलभीम सरांनी ओळखही न विचारता त्याच्या हातात टेपचं टोक दिलं. मी उडी मारली. त्यानं पळत जाऊन टेप माझ्या टाचेच्या खुणेवर धरला.

"तिथं न्हाय," मी म्हणाले, "माझा हात मागं टेकलाय. जिथनं झेप घेतो त्या फळीच्या सगळ्यांत जवळची खूण धरायची."

"पाय एवढे पुढं गेले, ते वाया?"

"वाया."

"लई अन्याय आहे हो." त्यानं टेप मागं घेतला, पण एवढ्या जपून, जणू त्या वाळूला दुखेल.

दुरुस्ती आली. सहाव्या पानावर, चार ओळींची. आमच्याकडं पेपर येतो हे माहीत असूनही तो कात्रण खिशात घेऊन आला. आणि मग येतच राहिला. कधी थाळीफेकीच्या फोटोखाली 'गोळाफेक' छापलेलं दाखवायला, तर कधी चौघींच्या रिलेत तिघींचीच नावं आलेली.

"हे ऐका," एकदा तो म्हणाला, "'तीन हजार मीटर शर्यत दहा सेकंदांत जिंकली.'"

"मिनिटं असतील."

"मला वाटलं, उसाच्या ट्रकमधनं गेली."

"ट्रक तरी कुठं जातोय एवढ्या जोरात?"

आम्ही हसायचो. हायवेवरून ट्रक घरघरत जायचे, धुकं विरायचं, आणि बलभीम सर खोकून म्हणायचे, "महेश्वरी, उडी मारायची हाय का बातम्याच वाचायच्यात?"

फेब्रुवारीत पुण्याला राज्य स्पर्धा झाली. शेवटच्या उडीला वारा पाठीमागून आला. वाळूत उतरले तेव्हाच कळलं, एवढ्या लांब मी कधीच आले नव्हते. तेरा मीटर चार सेंटीमीटर. सुवर्णपदक! राज्यविक्रमापेक्षा सहा सेंटीमीटर जास्त... पण शेजारच्या फलकावर वाऱ्याचा आकडा होता, सेकंदाला तीन पूर्णांक चार मीटर. पाठीशी दोनच्या वर वारा असला की पदक मिळतं, विक्रम धरत नाहीत.

मी पहिला फोन शांतलिंगला लावला. अप्पांना नंतर... हे माझ्या नंतरच ध्यानात आलं.

"वाऱ्याचं नक्की लिहा," मी दोनदा सांगितलं.

"लिहितो. आणि... लई आनंद झाला. हे बातमीत न्हाय लिहिता येत, म्हणून सांगतोय."

सकाळी पहिल्या पानावर मथळा होता, 'उमरग्याच्या महेश्वरीचा राज्यविक्रम!' खाली शांतलिंगचं नाव. वाऱ्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

परतीच्या बसमध्ये शिवकन्याचा मेसेज आला. खरा विक्रम तिच्या नावावर होता. 'अभिनंदन. पण वारा तीन पूर्णांक चार होता ना?' मला खिडकीबाहेर बघवेना. गावात चौकात बॅनर लागले होते, अप्पा ट्रकवाल्यांना पेढे वाटत होते, आणि रविवारी सत्कार ठरला होता.

दोन दिवस मी शांतलिंगचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तो मैदानावर आला आणि मोबाईल पुढं केला. त्यानं पाठवलेली बातमी होती. शेवटची दोन वाक्यं वाऱ्याचीच.

"जागा न्हवती म्हणून वरच्या ऑफिसात कापली. मथळाबी त्यांचाच. दुरुस्ती मागितली तर म्हणाले, गाव खूश आहे, कशाला विरजण घालताय?" तो थांबला. "पण नाव माझं आहे. लोकांनी मलाच धरावं."

"लोकांचं सोडा... मी तुम्हाला धरलं होतं."

"म्हणून तर आलो."

राग कुठं गेला कळलं नाही. मी एवढंच म्हणाले, "रविवारी या. लिहायला काहीतरी मिळंल."

सत्काराला मैदान भरलं होतं. अप्पा पहिल्या रांगेत, नवं धोतर नेसून. माईक माझ्या हातात आला.

"सुवर्णपदक माझं आहे," मी म्हणाले, "पण विक्रम माझा नाही. वारा जास्त होता. विक्रम अजून शिवकन्याचाच आहे."

शेजारच्या पाहुण्यांना हातातल्या हाराचं काय करावं कळेना. तेवढ्यात अप्पा उठले आणि पेढ्यांचं ताट घेऊन मागं वळले.

"सोनं तर खरं हाय न्हवं? मग घ्या की!"

मैदान हसलं. मागच्या भिंतीशी उभा राहून शांतलिंग भराभर लिहीत होता.

त्यानं बातमी पाठवली आणि वरच्या ऑफिसला कळवलं, पूर्ण छापा, नाहीतर माझं नाव काढा. मंगळवारी ती पूर्ण आली, नावासकट. मी कात्रण शिवकन्याला पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'वारा नसताना मोडून दाखव. वाट बघते.'

शांतलिंगकडची खेळाची पानं मात्र गेली. बुधवारी तो मैदानावर आला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

"आता फक्त तुरीचे भाव," तो म्हणाला.

"मग इकडं कसे? इथं तूर न्हाय."

"बातमीसाठी न्हाय आलो." चष्मा काढून तो उगाच पुसत राहिला. "मला तुम्ही... म्हणजे... मी रोज टेप धरायला येत जाऊ का? कायमचा?"

माझ्या बुटात वाळू होती. मी ती झटकत बसले... बराच वेळ. बूट रिकामा झाला तरी.

"अप्पांना विचारावं लागंल," मी म्हणाले. "आणि ते परक्याशी आधी कानडीत बोलतात. येतं का तुला?"

'तुला' ऐकून तो चष्मा लावायचाच विसरला.

"शिकतो की... तू शिकवलीस तर!"

रविवारपर्यंत चार दिवस होते. मी त्याला एकच वाक्य शिकवलं आणि त्यानं ते घरी येरमाळ्याला जाता-येता बसमध्ये पाठ केलं. दारात अप्पा हाताची घडी घालून उभे. शांतलिंगनं वाकून नमस्कार केला आणि एका दमात म्हणाला, "ऊट आतेन्री?"

म्हणजे, जेवण झालं का?

अप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडं.

"सकाळचे नऊ वाजलेत बाबा," ते मराठीत म्हणाले. "आता बस. जेवूनच जा."