मागच्यानं ओ द्यायची

पुसेगावच्या पुढं, आमच्या गावच्या ओढ्यापलीकडून एक रस्ता निघतो आणि कुठंच जात नाही. बहात्तरच्या दुष्काळात तो सरकारी कामावर झाला. मुरूम पडला, खडी पडली, जंगल खात्याच्या झाडीतून रस्ता वर माळावर चढला, आणि पाऊस आला. माणसं आपापल्या रानात गेली. रस्ता जिथं होता तिथंच थांबला. शेवटी न पसरलेल्या खडीचा ढीग आहे. त्याच्यापुढं नुसतं कुसळीचं गवत.

डांबर नाही, एसटी नाही, उसाचे ट्रक नाहीत. बैलगाडीसुद्धा जात नाही, कारण पलीकडं गाव नाही. सायकलीला याहून चांगला रस्ता मिळायचा नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

शहात्तरच्या हिवाळ्यात धाकटा भाऊ कृष्णात रजेवर आला. पलटणीच्या सायकल टीममध्ये निवड झाली तर त्याला पुण्यात ठेवणार होते. नाही झाली तर पुन्हा सीमेवर. आमचे वडील पासष्ट साली लढाईवर गेले ते परत आले नाहीत, त्यामुळं आईच्या तोंडी पुण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मी साताऱ्यात एका कारखान्यात लेथवर होतो, रविवारी गावी यायचो. पहिल्याच रविवारी आईनं मला दारात अडवलं.

"लाला, त्येला तयार कर. पर नेशील तसा माघारी आणून दे मला."

खडीवर दोघांनी सायकल चालवायची एक रीत आहे. पुढचा वारा कापतो. मागचा त्याच्या चाकाला चिकटून राहतो, म्हणून मागच्याला रस्ता दिसत नाही. पुढच्यानं ओरडून सांगायचं. दगड. खड्डा. वाळू. मागच्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर पुढच्यानं थांबायचं. मात्र चालत्या सायकलीवर मागं बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं, आणि खडी चाक ओढून नेते.

कृष्णातनं जन्मात कधी नुसती ओ दिली नाही.

— दगड.
— तुझ्या चष्म्याला दिसला, मला दिसायचा न्हाई व्हय?

झाडी सुरू होते तिथं रंगूबाईचा मेंढरांचा वाडा होता. दुष्काळात ती त्याच रस्त्यावर खडी फोडायला होती. एकदा आम्ही पाणी प्यायला थांबलो तर ती म्हणाली, माळावर हाका मारत जाऊ नगासा. खडी फोडताना आमीबी मारत न्हवतो. हातानं बोलायचो.

मी म्हणालो, शंभर घण चालू असताना हाक ऐकू येणार तरी कशी. कृष्णातनं तांब्या पालथा ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हाक न्हाई मारली तर ह्यो चष्मेवाला मलाच घिऊन पडंल."

रंगूबाई हसली नाही.

— खड्डा.
— त्यो मागल्या रविवारीबी हितंच हुता.

पुढच्याच एका रविवारची गोष्ट. ऊन कोवळं होतं. झाडीत धावड्याचा पाला पडलेला, त्यावरून चाकं गेली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मग चढ. मग जंगल संपतं त्या वळणावरचं हिवराचं झाड. तिथून पुढं माळ, आणि वारा एकदम अंगावर. मागून कृष्णातच्या टायरखाली खडी करकरत होती. माझ्या सायकलीचा आवाज जाड, त्याच्या सायकलीचा बारीक. कान तेवढंच धरून होते.

— वाळू.
— ओ.

आज शहाणा झाला, मी मनात म्हणालो.

— दगड.
— ओ.

बराच वेळ असं चाललं. टोमणा नाही, शिवी नाही. मी मुद्दाम म्हणालो, "कृष्णात, दमलास व्हय रं?" तर मागून ओ. आवाज त्याचाच. फक्त टायर लांब वाजत होता आणि ओ कानाशी येत होती. वाऱ्यामुळं असं होतं. माळावर आवाज कसाही वाहतो.

मग पुढं काहीतरी काळं दिसलं म्हणून मी तोंड उघडलं.

— ओ.

मी अजून काही बोललो नव्हतो. तो दगड आहे हे नंतर दिसलं.

मी मागं बघितलं नाही. रीत आहे म्हणून बघितलं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ढिगापाशी पोचलो, ब्रेक दाबला, पाय टेकला. मागचा करकर आवाज आणखी थोडा पुढं आला आणि थांबला.

मी वळलो.

रस्ता झाडीपर्यंत सरळ मोकळा होता. मुरमाच्या धुळीत एकाच सायकलीचा माग होता. माझ्या.

कृष्णात हिवराखाली बसलेला सापडला. सायकल उलटी करून ठेवलेली, मागच्या चाकातली हवा गेलेली. मी तेवढं अंतर कसं आलो ते आठवत नाही. त्याला बघून मला रडायला आलं आणि राग पण आला. विचारलं, हाक मारायला काय झालं होतं?

"मारली की."

"मला आली न्हाई."

"तू ओ दिलीस," तो म्हणाला.

आम्ही सायकली ढकलत खाली आलो. रंगूबाई वाड्याच्या काटेरी कुंपणाशी उभी होती. तिनं कृष्णातकडं बघितलं, बराच वेळ. मग मला हातानं खूण केली. आधी माझ्याकडं बोट, मग वर माळाकडं. मला वाटलं विचारतेय, पुन्हा जाणार का. मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं तीच खूण पुन्हा केली.

घरी ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. एक बुडबुडा आला नाही. हवा भरली. ट्यूब सकाळपर्यंत टणक होती.

आईचं म्हणणं, पलटणीनं वळण लावलं. पानात पडेल ते खातो. भाकरी करपली तरी बोलत नाही. हाक मारली की ओ देतो. पुढच्या रविवारी मी अंगणात चेन पुसत होतो आणि तो ओट्यावर बसला होता. आई पदराला हात पुसत आतून आली, त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

"ओ," तो म्हणाला.

आई तशीच उभी राहिली. मग आत गेली. मी परत निघालो तेव्हा एसटीपर्यंत सोडायला आली, एरवी येत नाही. गाडी दिसल्यावर म्हणाली, "लाला, नेलास तसाच आणलास न्हवं त्येला?"

मी व्हय म्हणालो.

रजा संपली. त्याची निवड झाली. पुण्यात आहे. गावात लोक आईला विचारतात, पोरगं कसं हाय. ती बरं हाय म्हणते आणि विषय बदलते.

तो गेल्यावर एका रविवारी मी एकटाच त्या रस्त्यावर गेलो. तोंड मिटून जायचं ठरवलं होतं. रंगूबाईनं मला बघितलं आणि ती वाटेतून बाजूला झाली.

पाला. चढ. हिवर. वारा.

वळणाच्या पुढं एक दगड आडवा होता. सवय वाईट.

— दगड.

काही नाही. वारा.

मग खूप मागून, धापा टाकत:

— तुझ्या चष्म्याला दिसला, मला दिसायचा न्हाई व्हय?

मी मागं बघितलं नाही.

खडी करकरत होती. बारीक आवाज. हळूहळू जवळ येत होता.

मी थांबलो की तो आवाज थांबतो, आणि वळलं की रस्ता मोकळा असतो. हे मला माहीत होतं.

मी वेग कमी केला.

— दादा, आज लय सावकाश चाललायस.

मी पायडल आणखी हळू मारलं. पुढं खडीचा ढीग दिसायला लागला होता.