एकोणीस सेकंद

माझं शिक्षण नववीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. गोष्ट माझी नाही. चाकणजवळ कुरुळीत आमचे घरमालक हिंदुरावकाका यांनी लाईट गेलेल्या एका रात्री आम्हा भाडेकरू पोरांना अंगणात बसवून सांगितली. त्यांच्या चार नंबरच्या खोलीत ज्योतीराम राहायचा, त्याची. शेवट काकांनी स्वतः पाहिलाय, म्हणून खरी म्हणतो.

दोन हजार चोवीसची दत्तजयंती शनिवारी होती. तिच्या आदली रात्र, शुक्रवार.

ज्योतीराम उदगीरकडचा, चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला. आई अंबूबाई त्याच्याजवळच राहायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं. ती गेली त्या रात्री त्याची सेकंड शिफ्ट. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत तो लॉकरपाशी आला आणि नेमका आईचा फोन वाजला.

"जेवलास का रे? ऐक की ज्योती, मला जरा..."

"आई, नंतर बोल. ब्रेक संपला."

त्यानं फोन कापला. रात्री एकला खोलीवर आला तेव्हा ती अंथरुणात गार पडलेली होती.

त्याच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. तेवढं बोलणं राहिलं. एकोणीस सेकंद. तिचा आवाज म्हणून जगात दुसरं काही उरलं नव्हतं. रोज झोपताना तो ते लावायचा. पण तिला काय सांगायचं होतं, ते त्यात नव्हतं.

तर त्या शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट करून तो आळंदीला गेला, थंडीची चादर घ्यायला. परत येताना बसमध्ये चादर मांडीवर आणि फोन चादरीवर. कुरुळीची गाडी धरायला मोशीला घाईत उतरला, बस पुढे भोसरीला गेली, मग यानं खिसे चाचपले. सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

टपरीवाल्याकडून फोन मागून त्यानं स्वतःचा नंबर लावला. एका माणसानं उचलला.

"हां, भोसरी बसस्टँडच्या कंट्रोल केबिनमधून बोलतोय. गाडीत सापडला. काळजी करू नका, तुमच्या आई निघाल्यात न्यायला."

ज्योतीरामला वाटलं, माणूस चेष्टा करतोय.

"कोण निघालंय?"

"फोनला लॉक नव्हतं. 'आई' नावानं नंबर होता, त्याच्यावर लावला. म्हणाल्या, पोराला सांगू नका, तो कामावर असतोय. मीच येते."

आईला उघडता यावा म्हणून त्यानं फोनला लॉक ठेवलंच नव्हतं. तिचा नंबरही त्याला काढून टाकवला नव्हता. पण तिचं सिम केव्हाच बंद झालं होतं. तिचा साधा फोन बॅटरी काढून ट्रंकेत पडला होता...

तो रिक्षा करून भोसरीला पोचला तेव्हा साडेआठ वाजले होते. पत्र्याची केबिन. आत कंट्रोलर डबा खात होता.

"उशीर केला भावा. म्हातारी आत्ताच घेऊन गेली."

"कुणालाही देऊन टाकता का तुम्ही?"

"कुणालाही कसा? खात्रीसाठी मी परत तो 'आई'चा नंबर लावला. तिच्या हातातला फोन वाजला. आणि सही घेतल्याशिवाय मी देत नाही."

त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. सहीच्या जागी अंगठा होता. डावा. शाई ओली होती. आणि ठशाच्या मधून एक तिरपी कोरी रेघ.

अंबूबाईचा डावा अंगठा ऊस तोडताना कोयत्यानं तिरपा चिरला होता, व्रण तसाच राहिला होता.

"कुठं गेली?"

"कुरुळीला म्हणाली. चालतच. मी म्हटलं आजी, बस येईल एवढ्यात. तर म्हणे, भाकरी टाकायच्यात."

इथं काका थांबले. आमच्यातला विक्की सगळ्यात तोंडाळ. तो म्हणाला, "काका, भोसरीवरून चालत? आम्ही कुरुळी फाट्यावरून येताना रडतो राव."

काकांनी अंगणातल्या त्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"मी तितंच बसलो व्हतो. संध्याकाळधरनं. कुणी आलं न्हाई. कुणी गेलं न्हाई. सव्वानऊला ह्यो आला, धापा टाकत. मला म्हनला, काका, माझी आई आली का? मी उठून त्याच्यासंगं गेलो."

चार नंबरला कुलूप होतं. ज्योतीरामनं काकांचा फोन घेतला. स्वतःचा नंबर लावला.

आत वाजला.

बंद खोलीत. कुलपाच्या आत.

त्यानं किल्ली काकांच्या हातात दिली. मग काकांनीच कुलूप काढलं. आत अंधार. फोन वाजत होता... आवाज दबलेला होता. कॉटखालून येत होता.

तिथं अंबूबाईचा पिठाचा डबा होता. जपून ठेवायची वस्तू ती पिठातच पुरून ठेवायची. ती गेल्यापासून तो डबा कुणी उघडला नव्हता. झाकण गंजून बसलं होतं. उचकटायला पाना घ्यावा लागला.

कडवट वास आला. ज्वारीचं वर्षभराचं पीठ. आणि पिठातून उजेड.

फोन बाहेर काढला. पुसला. ज्योतीरामनं सगळ्यात आधी ते रेकॉर्डिंग शोधलं. होतं. तारीख तीच, ती गेली त्या दिवशीची. वेळही तीच. फक्त खाली लिहिलेलं...

"एकोनीस सेकंद न्हवतं ते," काका म्हणाले. "चार मिन्टं आनि सहा सेकंद. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं."

आमच्यातल्या सुजितनं विचारलं, "मग... ऐकलं त्यानं?"

"ऐकतोय की. रोज. एकोनीस सेकंद झाले की बंद करतो. पुढं ऐकायचा धीर व्हत न्हाई म्हनतो." काका उठले. "खोली सोडून गेला. मधी चाकणला भेटला व्हता. अजून तसंच हाय. चार मिन्टं सहा सेकंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये फोन ठेवत होतो. मागं रांग. तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. मी रांगेतून बाजूला झालो आणि तिचं बोलून संपेपर्यंत उभा राहिलो. हजेरीच्या पंचिंगला उशीर झाला, हाफ डे लागला, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. शेळी व्यायली, एवढंच तिला सांगायचं होतं.