भट्टीतले तीन ठोके

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसा. मी कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई आहे, भुताखेतांच्या गप्पांचा मला कंटाळा आहे. पण त्या दुपारी मी तिथे होते.

१९९९. दसऱ्याआधीचा गुरुवार. बिबवेवाडी.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. शेडमध्ये फक्त मी आणि माझे बाबा, रामदास. भट्ट्यांना आतून लावतात त्या हलक्या विटा आम्ही बनवायचो. मातीत लाकडाचा भुसा कालवायचा. भाजताना भुसा जळून जातो, त्या जागी बारीक भोकं राहतात. अशी वीट आच अडवते.

आमचा भट्टीवाला कोंडीराम महिन्यापूर्वी हार्ट अटॅकने गेला होता. पंख्याच्या घरघरीत हाका ऐकू यायच्या नाहीत, म्हणून तो भट्टीच्या आतून भिंतीवर ठोके द्यायचा. दोन म्हणजे आत या. तीन म्हणजे थांबा.

"मालक, चार दिस दार फोडायचं न्हाई. गार वारं लागलं की कमान तडकती," असं तो नेहमी बजावायचा.

शुक्रवारी नमुना द्यायचा होता. भट्टी विझल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी छिन्नी उचलली.

"बाबा, कोंडीरामकाका म्हणायचे..."

"मग त्याची परवानगी आणायला वर जाऊ का?"

दाराच्या विटा निघाल्या. तोंडावर झळ आली. बाबांनी ओलं पोतं अंगावर घेतलं, वाकले...

टक. टक. टक.

आतून.

"विटा निवताना वाजतात," बाबा म्हणाले. पण ते पुढे सरकले नाहीत.

पुन्हा तीन...

मी शर्टाला धरून त्यांना मागे ओढलं. त्याच क्षणी भट्टीच्या छताची कमान धाडकन आत कोसळली.

मी रडत होते. काकांनीच वाचवलं, असं वाटलं.

मग ढिगाऱ्याखालून...

टक. टक.

दोनच.

बाबा उठले आणि भट्टीकडे चालू लागले. मी त्यांच्या पायांना मिठी मारली, तेव्हा कुठे थांबले.

पुढे शेड विकली. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हिंजवडीला माझ्याकडे असतात. शेजारचा फ्लॅट रिकामा आहे, अजून कुणी ताबा घेतलेला नाही.

परवा दुपारी आम्ही चहा पीत होतो. त्याच फ्लॅटच्या भिंतीतून...

टक. टक.

बाबांनी कप खाली ठेवला.

"आलो रे," म्हणाले. अगदी शांतपणे.

मी धावत जाऊन भिंतीवर मूठ आपटली. तीनदा.

थांबा, काका.

तेव्हापासून ऑफिसला गेले नाही. त्या भिंतीशीच बसून आहे.